पर्याय आणि पश्चात्ताप

एखाद्याची पुरती उपेक्षा झाली हें सांगावयाचें असलें म्हणजे ‘त्याला कोणी हिंग लावून विचारीत नाहीं’ असें म्हणण्याची आपल्या भाषेंत रीत आहे. या वाक्प्रचाराचा उगम शोधण्याचा माझा हेतु नाहीं. मला नवल वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. ज्या हिंगाच्या नांवानें आपण दुसऱ्याची उपेक्षा मोजतों, त्या हिंगाचीच विचारपूस आपल्यापैकीं कोणी केल्याचें ऐकिवांत नाहीं. रोज तो आपल्या आमटींत पडतो, लोणच्यांत मुरतो, लहान मुलाचें पोट दुखूं लागलें म्हणजे त्याच्या बेंबीभोंवतीं लागतो. परंतु त्याचें झाड कसें असतें, तें कोठें वाढतें आणि त्याचा खडा आपल्या डबींत येईपर्यंत त्या झाडाचें काय होतें, ही चौकशी करावी असें फारच थोड्यांना वाटतें. काम भागतें, तेथें चौकशी थांबते.

या निमित्तानें मला एका नैतिक प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. प्रश्न असा: ज्या वस्तूची जागा दुसरी वस्तु घेऊं शकते, ती पहिली वस्तु नाहींशी झाली तर खरोखर कांहीं हानि झाली असें म्हणावें काय? आणि हानि झाली असेल, तर तिचें दुःख मानणें हें आपलें कर्तव्य आहे, कीं ती केवळ मनाची एक हळवी संवय आहे? प्रश्न वरवर पाहतां पंडिती वाटेल. पण तो किती घरगुती आहे हें पुढें दिसेल.

हिंगाचें झाड गाजराच्या कुलांतलें आहे. कोथिंबीर, जिरें, ओवा, बडीशेप, शेपू हीं सारीं त्याच घराण्यांतलीं भावंडें. तेव्हां आपल्या मसाल्याच्या डब्यावर या कुलाचे उपकार मोठे आहेत. दांड्याच्या टोकाशीं एका बिंदूपासून निघालेल्या काड्यांची छत्री आणि त्या छत्रीवर पसरलेलीं बारीक बारीक फुलें, ही या घराण्याची खूण. त्यांत फेरुला नांवाची एक प्रजाति आहे. भूमध्यसमुद्राच्या कांठापासून मध्य आशियापर्यंतच्या मुलखांत, विशेषतः कोरड्या प्रदेशांत, तिच्या सुमारें २०० जाति रानोमाळ वाढतात. फेरुला या लॅटिन शब्दाचा एक अर्थ छडी असा आहे. रोमन पंतोजी मुलांच्या हातांवर जी छडी मारीत ती याच झाडाच्या दांड्याची. ग्रीक लोक या दांड्याला नार्थेक्स म्हणत, आणि प्रॉमीथिअसनें देवांचा अग्नि चोरून माणसांसाठीं आणला तो अशाच पोकळ दांड्यांत लपवून, अशी कथा हेसिअडनें सांगितली आहे. दांड्याच्या गाभ्यांत विस्तव बराच वेळ धुमसत राहतो, हा त्या कथेचा व्यवहारांतला आधार. म्हणजे अग्नि, छडी आणि फोडणी अशा तीन गोष्टी या एका रानटी प्रजातीनें माणसाच्या हातीं दिल्या.

आतां ज्या झाडाची हकीगत सांगावयाची तें मात्र हिंगाचें नव्हे. पाश्चात्त्यांच्या स्वयंपाकघरांत हिंगाच्या आधीं ज्याचा मान होता, तें. इसवी सनापूर्वीं सातव्या शतकांत ग्रीक लोकांनीं आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या लिबिया देशाच्या पूर्व भागांत, सायरीनी नांवाचें नगर वसविलें. त्या नगराच्या आसपासच्या रानांत सिल्फिअम नांवाची एक वनस्पति उगवत असे. जाड मूळ, बडीशेपेच्या जातीचा पोकळ दांडा आणि मुळांतून व दांड्यांतून निघणारा उग्र वासाचा चीक, असें तिचें वर्णन आढळतें. त्यावरून बहुतेक अभ्यासक तिची गणना फेरुला प्रजातींतच करतात. हा चीक ग्रीकांच्या आणि पुढें रोमनांच्या स्वयंपाकांत व औषधांत इतका मानला गेला कीं, सायरीनीच्या वैभवाचा तो एक मोठा आधार होऊन बसला. त्या नगराच्या नाण्यांवर या झाडाचें चित्र असे; तीं नाणीं आजही पाहावयास मिळतात.

या झाडाचा एक स्वभाव लक्षांत ठेवण्याजोगा आहे. तें लावून येत नसे. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस यानें वनस्पतींवरील आपल्या ग्रंथांत लिहून ठेवलें आहे कीं, सिल्फिअम नांगरलेल्या जमिनीपासून दूर पळतें. हिपॉक्रेटीसच्या नांवावर असलेल्या एका वैद्यकग्रंथांतही तें इतर ग्रीक प्रांतांत लावण्याचे प्रयत्न फसल्याचा उल्लेख आहे. तेव्हां सायरीनीच्या लोकांपुढें एकच मार्ग होता, आणि तो म्हणजे रानानें दिलें तेवढेंच जपून घेणें. त्यांनीं तसें केलेंही. थिओफ्रॅस्टस सांगतो कीं, मूळ किती कापावयाचें याचे नियम खाणींच्या नियमांसारखे बांधलेले होते; पूर्वीं किती कापलें गेलें आणि आतां शिल्लक किती आहे हें पाहून प्रमाण ठरे, आणि त्याहून अधिक कापण्यास मनाई असे. चीक टिकावा म्हणून तो पिठांत कालवून परदेशीं पाठवीत, हेंही तोच सांगतो. आपल्या बाजारांतला हिंगही बहुधा पीठ व डिंक घालून बांधलेलाच असतो. स्वयंपाकघरांतल्या युक्त्या देशकाल ओलांडून किती सारख्या असतात, याचें हें एक गमतीचें उदाहरण आहे.

पुढें ही भूमि रोमच्या ताब्यांत गेली. सिल्फिअमचा भाव चढत चढत कोठवर गेला याची कल्पना प्लिनीच्या एका वाक्यावरून येते: इसवी सनापूर्वीं ४९ सालीं यादवी युद्धाच्या आरंभीं सीझरनें सरकारी खजिन्यांतून सोन्यारुप्याबरोबर १५०० रोमन पौंड सिल्फिअमचा चीक बाहेर काढला. अपिशिअसच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या रोमन पाकग्रंथांत अशा चिकाचा एक औंस पुष्कळ दिवस पुरविण्याची युक्ति दिली आहे. कांचेच्या बरणींत तो वीसेक चिलगोज्यांबरोबर ठेवावा, गरजेप्रमाणें त्यांतले थोडे चिलगोजे कुटून अन्नांत घालावे, आणि जितके काढले तितके नवे पुन्हां बरणींत टाकावे. म्हणजे वास लागतो आणि चीक शाबूत राहतो. जी जिन्नस फोडणींत असावयाची ती खजिन्यांत जाऊन बसली, आणि तिच्या नुसत्या वासावर गृहिणी भागवूं लागल्या, तेव्हांच तिचे दिवस भरत आले होते.

तिच्या नाशाचें कारण प्लिनी देतो तें असें. कुरणें मक्त्यानें घेणाऱ्यांना मेंढ्या चारण्यांत अधिक किफायत दिसली, आणि त्यांनीं तीं रानें मेंढ्यांना मोकळीं केलीं. हवा कोरडी होत गेली, नांगराखालची जमीन वाढत गेली, अशीं इतरही कारणें आजचे अभ्यासक सुचवितात, आणि सगळें खापर मक्तेदारांच्या माथीं फोडणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु जुन्या नियमांत आणि नव्या मक्त्यांत एक फरक उघड आहे. नियम करणाऱ्याला पुढच्या वर्षींही त्याच रानांत जावयाचें होतें. मक्तेदाराला मक्ता संपेपर्यंतच तेथें राहावयाचें होतें. शेवट काय झाला याविषयीं प्लिनी स्पष्ट लिहितो. त्याच्या आठवणींतल्या काळांत त्या देशांत सिल्फिअमचा एकच दांडा सांपडला, आणि तो नीरो बादशहाकडे पाठविण्यांत आला.

ही शेवटची गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. एकच दांडा हातीं लागला असतां तो जमिनींत राहूं द्यावा आणि त्याचें बीं धरूं द्यावें, असें कोणी म्हटल्याची नोंद नाहीं. दुर्मिळता कळली, तीहि नजराण्याची किंमत वाढविण्यापुरती.

यानंतर रोममध्यें हाहाकार झाला काय? मुळींच नाहीं. इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत अलेक्झांडरचें सैन्य हिंदुकुशाच्या उघड्या डोंगरांतून जात असतां तेथें सिल्फिअम उगवलेलें त्याला आढळलें, असें ॲरिअन लिहितो. ती वनस्पति हिंगाच्या जवळची असावी असें मानतात. प्लिनीच्या काळीं इराण, मीडिया आणि आर्मेनिया या बाजूनें असाच चीक विपुल येत होता. तो सायरीनीच्या चिकापेक्षां फार हिणकस आहे, त्यांत भेसळही असते, अशी त्याची तक्रार आहे. पण नांव जुनेंच राहिलें आणि माल नवा आला. ज्यांनीं पहिल्याची चव घेतली होती ते हळूहळू मरून गेले. तुलना करणारा उरला नाहीं, तेथें तक्रार तरी कोण करणार? हा जो नवा माल, त्यालाच आपण हिंग म्हणतों. आपल्या देशांत मात्र तो कोणाच्या जागीं आलेला नाहीं. वायव्येच्या वाटेनें तो आपल्याला स्वतंत्रपणें फार पूर्वींपासून परिचित आहे. अमरकोशांत त्याला बाल्हीक असेंही एक नांव आहे, आणि तें नांव आजच्या अफगाणिस्थानांतल्या बल्खकडे बोट दाखवितें.

येथें एखादा व्यवहारी गृहस्थ पुढें येऊन विचारील, ‘‘मग बिघडलें काय? लोकांना उग्र वासाचा एक चीक पाहिजे होता, तो त्यांना मिळाला. एका देशांतला संपला, दुसऱ्या देशांतला आला. ज्याच्यावांचून कोणाचें अडलें नाहीं, त्याच्यासाठीं शोक करणें म्हणजे रिकाम्या मनाचा चाळा नव्हे काय?’’ हा आक्षेप टाकाऊ नाहीं. पर्याय शोधणें ही माणसाची एक मोठी शक्ति आहे, आणि पुष्कळदां ती दयेचीच एक बाजू असते. आई वारली तरी तान्ह्या मुलाला त्याच दिवशीं दूध लागतें. तें जर दुसरी कोणी देत असेल तर तिला नाहीं म्हणणें हें आईवरचें प्रेम नव्हे. गेलेल्या प्रत्येक वस्तूची जागा रिकामीच ठेवावी असा आग्रह धरला, तर जगाचा व्यवहार चार दिवसांत बंद पडेल. इतकें सर्व मान्य करूनही त्या गृहस्थाच्या एका शब्दापाशीं मी अडतों. तो शब्द म्हणजे ‘अडलें नाहीं’. त्याचें कारण सांगावयाचें तर थोडी घरची गोष्ट सांगावी लागेल.

माझ्या वडिलांची थोरली बहीण आमच्या घरीं असे. तेराव्या वर्षीं वैधव्य येऊन ती माहेरीं परत आली, आणि पुढचीं चाळीस वर्षें साताऱ्याच्या आमच्या घराचें स्वयंपाकघर तिनें सांभाळलें. कांदालसूण तिला वर्ज्य होती, त्यामुळें तिच्या अळणी ताटांत जी कांहीं रुचि असे ती हिंगाचीच. खडा ती एका पितळी डबींत कागदांत गुंडाळून ठेवी. हिंगवाला दारावर आला म्हणजे नखानें टवका काढून तो पाण्यांत विरघळवून पाही, आणि पाणी दुधासारखें पांढरें झालें तरच सौदा करी. १९५८ सालीं मी मॅट्रिकच्या परीक्षेचा अभ्यास करीत होतों. पहाटे चारला उठून ती मला दूध तापवून देत असे. एके दिवशीं माझ्या पुस्तकांत फुलांचीं चित्रें पाहून ती म्हणाली, ‘‘बाळ, हिंगाचें फूल कसें असतें रे? इतकीं वर्षें खडा हातांत धरतें आहें, पण झाड कांहीं डोळ्यांपुढें येत नाहीं.’’ मला तें माहीत नव्हतें, आणि माहीत नाहीं असें म्हणण्याचें तें वय नव्हतें. मीं म्हटलें, ‘‘आत्या, फुलाशीं तुला काय करावयाचें आहे? तुझें काम फोडणीशीं.’’ ती हंसली आणि चुलीकडे वळली.

१९६२ सालीं ती गेली. तेरावा झाल्यावर वडिलांनीं स्वयंपाकाला एक बाई ठेवली. बाई मोठी कामसू, स्वच्छ आणि हाताला चव असलेली होती. महिन्याभरानें एक आप्त समाचाराला आले, तेव्हां वडील त्यांना म्हणाले, ‘‘वाटलें होतें कीं घराचें फार अडेल, पण देवाच्या दयेनें कांहीं अडलें नाहीं.’’ माझे वडील कठोर नव्हते. बहिणीवर त्यांची माया होती, आणि तें वाक्य त्यांनीं समाधानानें व कृतज्ञतेनें उच्चारलें. मीही मान डोलावली. पुष्कळ वर्षांनीं मला त्या मान डोलावण्याची लाज वाटूं लागली. बाईच्या हातचें जेवण आम्हीं आनंदानें जेवावें यांत कांहींच गैर नव्हतें. परंतु ‘कांहीं अडलें नाहीं’ या तीन शब्दांनीं आम्हीं चाळीस वर्षांचा हिशेब चुकता करून टाकला. जिच्या जागीं दुसरी मिळाली तिचें आमच्यावर कांहीं देणें राहिलें असेल, हें कोणाच्या मनांतच आलें नाहीं.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७८५ सालच्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांत किंमत आणि प्रतिष्ठा यांत एक भेद केला आहे. ज्याच्या जागीं तितक्याच मोलाचें दुसरें ठेवतां येतें त्याला किंमत असते. ज्याची बरोबरी करणारें दुसरें असूंच शकत नाहीं त्याला प्रतिष्ठा असते. ही प्रतिष्ठा तो विवेकशील व्यक्तीलाच देतो. या मापानें पाहिलें तर आमची चूक स्पष्ट दिसते: आत्याला प्रतिष्ठा होती, आणि आम्हीं तिला किंमत लावली. परंतु याच मापानें सिल्फिअमविषयीं शोक करण्याचें कारण उरत नाहीं, कारण वनस्पतीला किंमतच असावयाची. मग या दोन गोष्टी मीं एका ठिकाणीं आणल्या त्या केवळ भावनेच्या भरांत आणल्या काय?

मला तसें वाटत नाहीं. स्वतः कांटनेंच १७९७ सालच्या ग्रंथांत असें म्हटलें आहे कीं, निसर्गांत जें सुंदर आहे तें उगाच नासून टाकण्याची प्रवृत्ति माणसाच्या स्वतःविषयींच्या कर्तव्याच्या विरुद्ध आहे. कारण एखाद्या वस्तूवर उपयोगाचा विचार न करतां प्रेम करण्याची जी वृत्ति नीतीला पोषक असते, ती त्या प्रवृत्तीनें क्षीण होते. मी याच्या एक पाऊल पुढें जाईन. वस्तूंकडे पाहण्याची एक नजर आणि माणसांकडे पाहण्याची दुसरी, अशा दोन नजरा आपल्याजवळ नसतात. जो मुलगा ‘फुलाशीं काय करावयाचें आहे’ असें म्हणाला, त्यानें एकाच वाक्यांत झाडालाही फोडणीपुरतें उरविलें आणि आत्यालाही.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर मला असें सुचतें. पर्याय जो मिळतो तो कामाला मिळतो. काम करणाऱ्याला मिळत नाहीं. सिल्फिअमचें काम हिंगानें केलें, आत्याचें काम बाईनें केलें, हें अगदीं खरें. पण सिल्फिअमच्या ठिकाणीं काम वजा जातां कांहींच उरत नव्हतें असें नाहीं. कोणी न लावतां उगवणारें आणि नांगराला न जुमानणारें तें एक स्वतंत्र जीवित होतें. माणसानें त्याचा चीक शोधून काढण्यापूर्वींही तें होतेंच. तें जें उरत होतें त्याला पर्याय नव्हता आणि नाहीं. आपली भूल होते ती अशी कीं, काम भागल्याचें समाधान आपण ऋण फिटल्याचें समाधान समजतों. पर्याय आपली गरज भागवितो. ऋण तो फेडीत नाहीं. किंबहुना तो गरजेबरोबर ऋणाची आठवणही घेऊन जातो, आणि यांतच त्याचा धोका आहे. अडलें असतें तर आठवण झाली असती. पश्चात्ताप हा पुष्कळदां अडचणीच्या पाठीवर बसून येतो. अडचणच आली नाहीं तर त्याला वाट सांपडत नाहीं.

आपल्या पूर्वजांनीं जन्मास येणाऱ्या माणसाच्या माथीं ऋणें ठेवलीं आणि रोजच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञाला जागा दिली, त्यांतलें तत्त्व मला हेंच दिसतें. जेवणापूर्वीं ताटाभोंवतीं चार शितें ठेवल्यानें कोणाचें पोट भरत नाहीं. आपण जें खातों तें कोणाच्या तरी जिवावर खातों, एवढी नोंद मात्र त्यानें होते. विधि गेला तरी चालेल. नोंद जाऊं नये.

ही नोंद राहिली नाहीं म्हणजे काय होतें तें हिंगाच्याच उदाहरणानें पाहतां येतें. हिंगाचें झाड चारपांच वर्षें, कित्येकदां त्याहून अधिक काळ, नुसतें पानांवर असतें आणि जमिनीखालीं आपलें जाड मूळ पोसत राहतें. मग एका वसंतांत त्या मुळांतून उंच दांडा वर येतो, त्यावर पिवळसर फुलांच्या छत्र्या उमलतात, बीं धरतें आणि झाड मरतें. जन्मांत एकदांच त्याला फूल यावयाचें असतें. हिंग काढणारे लोक त्याच्या आधींच येतात. पानें दूर करून ते मुळाचा माथा उघडा करतात आणि एक काप घेतात. पांढरा चीक पाझरतो व सुकतो, तो खरवडून काढतात आणि खालीं नवा काप घेतात. असें आठवड्यांमागून आठवडे, मूळ कोरडें पडेपर्यंत. हें काम करणारीं बहुधा गरीब माणसें असतात, आणि त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाहीं. काप त्यांच्या हातांनीं होतो, पण मागणी आपल्या फोडणीची असते. रानांत बीं धरण्यासाठीं पुरेशीं झाडें न कापतां ठेवलीं, तर हा क्रम शतकानुशतकें चालूं शकतो. न ठेवलीं, तर सिल्फिअमची कथा पुन्हां घडावयास कांहीं नवें लागत नाहीं. पहिल्याच्या नाशाचा ज्यांना विसर पडला, ते दुसऱ्याशीं त्याहून शहाणपणानें वागतील कशावरून?

२०२० सालच्या १५ ऑक्टोबरला हिमाचल प्रदेशांतल्या लाहौल खोऱ्यांत, क्वारिंग नांवाच्या गांवीं, पालमपूरच्या सरकारी संशोधनसंस्थेनें हिंगाचें पहिलें रोप लावलें. बीं इराणांतून आणलेलें होतें. तोंपर्यंत आपला देश कच्च्या हिंगासाठीं परदेशांवर अवलंबून होता. त्या वेळीं वर्षाला सुमारें १२०० टन माल अफगाणिस्थान, इराण आणि उझबेकिस्थान येथून येत असे. या उपक्रमाचा आर्थिक लाभ असेल तो असो; मला त्याची एक नैतिक बाजू मोलाची वाटते. जो स्वतः बीं पेरतो आणि पांच वर्षें वाट पाहतो, त्याला त्या झाडाचें आयुष्य ठाऊक होतें. त्यानंतर काप घेतांना त्याचा हात थोडा तरी जपून चालेल.

एक शंका मात्र राहते. २०२१ सालीं इस्तंबूल येथील एका शास्त्रज्ञानें असा तर्क मांडला कीं, तुर्कस्थानांत थोड्याच ठिकाणीं उगवणारी फेरुलाची एक दुर्मिळ जाति हीच पुरातन सिल्फिअम असावी. हा तर्क पुढेंमागें सिद्ध झाला तर सिल्फिअम नष्ट झालें हेंच म्हणणें खोटें ठरेल, आणि मग माझ्या विवेचनाचा पायाच गेला असें कोणी म्हणेल. झाड खरोखर वांचलें असेल तर त्यासारखा आनंद नाहीं. परंतु त्यामुळें सायरीनीच्या रानांत जें घडलें त्याचा दोष कमी होत नाहीं. एखाद्याला पाण्यांत ढकलून देणारा, तो पुढें दूर कोठें तरी कांठाला लागला म्हणून निर्दोष ठरत नाहीं. दैवानें सांवरून घेतलें तर दैवाचे आभार मानावे. आपल्या खात्यांत तें जमा धरूं नये.

सारांश, पर्याय नाकारण्याचें कारण नाहीं, आणि हरघडीं शोक करीत बसण्याचेंही नाहीं. कर्तव्य एवढेंच आहे कीं, दुसरा आला म्हणून पहिल्याचें खातें बंद करूं नये. गेलेल्याला त्याचा उपयोग होणार नाहीं, हें मला ठाऊक आहे. उपयोग होईल तो समोर असलेल्याला. स्वयंपाकाची ती बाई पुढें एकवीस वर्षें आमच्या घरीं होती, आणि तिच्या गांवाकडचीं माणसें कोण, तिला स्वतःला काय आवडतें, हें विचारावयाचें आम्हांला किती उशिरां सुचलें, तें सांगावयास संकोच वाटतो. आत्याची आठवण आम्हीं खरोखर ठेवली असती तर तें पहिल्याच वर्षीं सुचलें असतें.

ती पितळी डबी अजून आमच्या घरीं आहे, आणि तिचा वास गेलेला नाहीं. हिंगाच्या फुलाचें चित्र मीं एका ग्रंथांत पाहिलें तें साठी उलटल्यावर. फूल लहान आणि पिवळसर असतें. शेकडों मिळून त्यांची छत्री होते, आणि उघड्या माळावर ती माणसाहूनही उंच जाऊं शकते. आत्याच्या प्रश्नाचें उत्तर इतकें सोपें होतें. त्या दिवशीं तें मला ठाऊक नव्हतें हा माझा दोष नव्हे. तें शोधून तिला सांगावें असें वाटलें नाहीं, हा होता. आणि तें सांगतांना पुढचेंही सांगावें लागलें असतें: कीं, आत्या, ज्या झाडाचा खडा तुझ्या हातांत आहे, त्या झाडाला तें फूल आलें नाहीं.